मलोनीच्या ट्रकचा स्वे बार

माझं शेवटचं पोस्टिंग न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला होतं. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या लोकांना उंच इमारती दिसतात. तिथे इमारती नव्हत्या, बर्फ होता. मोठ्या तळ्यावरून ढग आले की सकाळपर्यंत कमरेएवढा बर्फ साचायचा, आणि तरी ०६३० ला पीटीसाठी फॉल-इन व्हायचंच.

मी अमेरिकन आर्मीत सहा वर्षं होतो. ट्रेड मेकॅनिक, रँक सार्जंट. नागपूरला मेकॅनिकल केलं, मिशिगनला एमएस केलं, नोकरी मिळेना आणि व्हिसा संपत आला. तेव्हा आर्मी परदेशी मुलांना भरती करून सिटिझनशिप देत होती. मी सही ठोकली. देशप्रेम वगैरे नंतर आलं, आधी पासपोर्ट होता. हे मी कधी लपवलं नाही. लपवलं ते दुसरंच, आणि तेच आज सांगायला बसलो आहे.

आमचं काम मोटर पूलमध्ये. ०९०० ला गाड्या आत घ्यायच्या, तेल, ब्रेक, बॅटऱ्या बघायच्या, १७०० ला बंद. रोज काम संपलं की टूलबॉक्स मोजायचे. प्रत्येक पान्याला फोममध्ये त्याच्या मापाची खाच असते. खाच रिकामी दिसली तर कोणी घरी जात नाही. एकदा दहा नंबरचा सॉकेट सापडेना म्हणून अख्ख्या प्लाटूनने तीन तास बर्फ उकरला. सॉकेट निघाला एकाच्या खिशात! मोजणी झाली की बॉक्सला कुलूप, आणि किल्ली स्टाफ सार्जंटकडे. सुट्टीच्या आदल्या दिवशी ही मोजणी लवकर व्हायची.

माझ्या टीममध्ये ट्रॅव्हिस मलोनी होता, रँक स्पेशालिस्ट, म्हणजे सार्जंटच्या खालची. वय बावीस. गाव पेनसिल्व्हेनियातलं, वडील शाळेची बस चालवायचे. माझं आडनाव पाटणकर. ते त्याच्या तोंडात काही बसेना, म्हणून त्याने मला सार्जंट पॅट करून टाकलं. माझ्या थर्मासमधला चहा तो हक्काने प्यायचा. माझ्याकडून 'चल बे' शिकला आणि एकदा थेट लेफ्टनंटलाच म्हणाला, "चल बे, सर." हसू दाबता दाबता माझी वाट लागली.

मलोनीकडे जुना सेकंडहँड पिकअप ट्रक होता. तो बेसच्या बाहेर भाड्याने राहायचा. घरापर्यंत दीड मैल कच्चा रस्ता, बर्फ काढायला तिकडे कोणी फिरकायचं नाही. चाकोऱ्या गोठून खोल झाल्या होत्या. ट्रक त्यात डावी-उजवीकडे हिंदकळायचा आणि आठवड्यातून दोनदा रुतायचा. एका सकाळी तो फोनवर व्हिडिओ घेऊन आला.

"सार्जंट पॅट, हा माणूस म्हणतो बर्फासाठी स्वे बार काढून टाका. काढू का?"

स्वे बार म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारी वाकवलेली पोलादी दांडी. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही दांडी पीळ खाते आणि गाडीला सावरते. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असलं की हीच दांडी आड येते. खड्ड्यातल्या चाकाला खाली टेकू देत नाही. चाक अधांतरी गरागरा फिरतं आणि गाडी जागची हलत नाही. म्हणजे व्हिडिओवाला अर्धा खरा होता.

मला कोणी असं विचारलं की माझ्यातला एमएस जागा व्हायचा. मी व्हाइटबोर्ड ओढला आणि वीस मिनिटं लेक्चर झोडलं. बाण काढले, समीकरण लिहिलं. पोरं आ वासून बघत होती आणि मला बरं वाटत होतं. बेसवर हॉबी शॉप होतं, तिथे आपली गाडी आपण दुरुस्त करायची; शनिवारी तिथेच आम्ही दोघांनी बार काढला. चार बोल्ट, दोन लिंक, चाळीस मिनिटं. काढलेला बार मी माझ्या गाडीत टाकला आणि त्याला म्हणालो, "हायवेवर जायच्या आधी सांग. परत लावून देतो." हे मी म्हणालो होतो.

सोमवारी मलोनीने सगळ्यांना सांगितलं की ट्रक कच्च्या रस्त्यावर लोण्यासारखा चालतो. मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, चार दिवसांच्या सुट्टीचा पास होता. आर्मीत एक पद्धत आहे. सोल्जर स्वतःच्या गाडीने लांब जाणार असेल तर त्याच्या सार्जंटने ती गाडी तपासायची आणि चेकलिस्टवर सही करायची. मगच पास मिळतो. टायर, दिवे, वायपर, सीट बेल्ट, इन्शुरन्स. मी मलोनीचा ट्रक तपासला. सगळं ठीक. स्वे बारची ओळ त्या कागदावर नसते.

वेळ १५४० अवर्स. मलोनी म्हणाला, "सार्जंट, बार लावायचा का? सहा तास हायवे आहे."

टूलबॉक्स १५०० लाच मोजून बंद झाले होते. किल्ली मागायला गेलो असतो तर स्टाफ सार्जंटने चार शिव्या दिल्या असत्या आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हॉबी शॉप बंद. बोटं गारठली होती. बायको घरी कोट घालून बसली होती, आम्हाला मित्राकडे जायचं होतं. बस, एवढीच कारणं. ह्यापेक्षा मोठं काही असतं तर बरं झालं असतं.

"सोमवारी लावू," मी म्हणालो. "रोड कोरडा आहे. पन्नासच्या आत राहा."

"रॉजर, सार्जंट."

मी सही केली. १५५० ला तो गेटबाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी ०७१० ला फोन आला. पेनसिल्व्हेनियात एका पुलावर बर्फाचा पातळ थर होता. पुढच्या कारने ब्रेक मारला, मलोनीने गाडी डावीकडे काढली, ट्रकची मागची बाजू फिरली, गाडी कलली आणि कलंडत चारीत गेली. सीट बेल्ट लावलेला होता, तरी मलोनी गेला. पोलिसांनी लिहिलं की वेग ताशी पन्नास मैलांच्या आत होता. कारण म्हणून पुलावरचा बर्फ.

चार दिवसांनी लेफ्टनंटने मला बोलावलं. चेकलिस्ट त्याच्या टेबलावर होती.

"सार्जंट, सही तुझी. गाडीत काही प्रॉब्लेम होता?"

"नो, सर."

दोन शब्द. त्याने फाइल बंद केली.

बार असता तर मलोनी वाचला असता का? मला माहीत नाही. पुलावर बर्फ होताच. पण बार असता तर गाडी तितकी कलली नसती, हे मला माहीत आहे. मला माहीत होतं आणि मी "नो, सर" म्हणालो, कारण माझी सिटिझनशिप नवी होती आणि मी भ्यालो. स्पष्टच सांगतो, भ्यालो.

मेमोरियलला, बेसवरच्या शोकसभेला, त्याची आई आली होती, कॉलीन. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तू त्याला चहा पाजायचास ना?" मला मान वर करता आली नाही. तेव्हापासून दर ख्रिसमसला तिचं कार्ड येतं. आमच्या मुलाशी चांगला वागलास, देव तुझं भलं करो. नऊ कार्डं झाली. मी दर वेळी 'थँक यू'एवढंच लिहून पाठवतो आणि दोन दिवस जेवण जात नाही.

आर्मी सोडून मी मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. इथे गल्लीबोळात ऑटो इंजिनिअर. मीही एका लॅबमध्ये सस्पेन्शन टेस्ट करतो. हसा खुशाल. तो बार माझ्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभा आहे. बायकोने दोनदा विचारलं, हे भंगार टाकू का. मी दोन्ही वेळा खेकसलो.

या जानेवारीत एका शनिवारी दुपारी मी गॅरेजमध्ये असताना नीरज आला. पुण्याचा पोरगा, आमच्याच लॅबमध्ये आहे. नवीन पिकअप घेतलाय, मित्रांबरोबर उत्तरेला बर्फात केबिनवर जायचंय.

"दादा, एक सांग ना यार. विंटरसाठी स्वे बार काढून टाकू का? एका व्हिडिओत बघितलं, ग्रिप जबरदस्त वाढते म्हणे. तू तर आर्मीत मेकॅनिक होतास."

"हात लावून तर बघ त्याला!" मी असा ओरडलो की बायको आतून धावत आली.

नीरज पांढराफटक पडला. "अरे, नुसतं विचारलं रे दादा. एवढं काय?"

मग मी बादली उलटी करून बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बायकोही दारात उभी राहून ऐकत होती. तिलाही माहीत नव्हतं.

प्रश्नाचं उत्तरही दिलं, कारण त्याने रास्त विचारलं होतं. कच्च्या रस्त्यावर, बैलगाडीच्या वेगाने जायचं असेल तर बार सोडवल्याचा फायदा होतो. पण डांबर लागलं की तिथेच थांबून तो जोडायचा. बर्फातली खरी ग्रिप विंटर टायरची, त्यात पैसे घाल. "मी आठवणीने जोडेन, असं तू आज म्हणशील," मी म्हणालो. "मलोनीला तर आठवण होती. त्याने विचारलं होतं मला."

नीरजने भिंतीला टेकलेल्या बारकडे पाहिलं. मग म्हणाला, "दादा, हे त्याच्या आईला माहितीये?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस?"

कार्ट्याचा राग आला. पण तो खरं बोलला होता.

सोमवारी लंचला, १२१० ला, मी पार्किंगमध्ये कारमध्ये बसून कॉलीनला फोन लावला. कार्डावर नंबर असायचा. रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं. बार मी काढायला सांगितला. त्या दिवशी त्याने लावायला मागितला. मी नको म्हणालो. चौकशीत मी बोललो नाही.

 

"बारचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "वाटेत पेट्रोल भरताना ट्रॅव्हिसने फोन केला होता. ट्रक वळणावर झुलतोय म्हणाला. त्याचे बाबा, टॉम, फोनवर ओरडले, की कोणी काढू दिला, मी तुझ्या सार्जंटलाच फोन करतो. तेव्हा ट्रॅव्हिस म्हणाला, सार्जंटने लावून घे म्हणून सांगितलं होतं, मीच घाई केली. त्याला बोलू नका, चूक माझी आहे."



"नऊ वर्षं," कॉलीन म्हणाली, "मी त्याच्या कबरीपाशी जाऊन त्याला रागावते आहे. का ऐकलं नाहीस रे सार्जंटचं? आणि टॉम तर जातच नाही तिथे. सांगूनही ऐकलं नाही पोराने, एवढंच म्हणतो आणि उठून जातो."

अपराध माझा, आणि बोल लावले जात होते मेलेल्या पोराला. ते पण त्याच्या आईबापाकडून. मी नऊ वर्षं माझीच शिक्षा मोजत बसलो होतो. माझ्या गप्प बसण्याची शिक्षा तो भोगत होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

"आय अॅम सॉरी, मॅम." 

"माफ करते की नाही ते मला आज विचारू नकोस," ती म्हणाली. "टॉम पाचला बस जमा करून येतो. तेव्हा फोन कर. हे त्याला माझ्याकडून नको, तुझ्याकडून कळू दे."

दुपारभर हातून काम झालं नाही. १७०० ला पुन्हा पार्किंगमध्ये आलो. बर्फ भुरभुरत होता. कारमध्ये बसून बोलवेना, म्हणून बाहेर उभा राहिलो. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"सर, सार्जंट पाटणकर बोलतोय. त्या दिवशी बार लावून घे असं मी ट्रॅव्हिसला सांगितलं नव्हतं. उलट त्यानेच मला विचारलं, लावायचा का. मी नको म्हणालो. पन्नासच्या आत राहा म्हणालो, तर तो पन्नासच्या आत राहिला. त्याने ऑर्डर पाळली, सर. ऑर्डर चुकीची होती. माझी होती."



"त्याने विचारलं होतं?" टॉम म्हणाले.

"येस, सर."

"परत सांग."

मी परत सांगितलं. पूर्ण नाव घेऊन. स्पेशालिस्ट ट्रॅव्हिस जेम्स मलोनी याने विचारलं होतं.