टाकीचा फोन

गेनभाऊ मोटारीजवळ गेले की आधी पाइपाला कान लावायचे. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि सांगायचे, "हवा धरलीय," नाहीतर "बेअरिंग झिजत चाललंय." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं. ग्रामपंचायतीत लेखनिक म्हणून मी नुकताच लागलो होतो. ते म्हणाले, "हसू नका, पावणं. मोटार सांगत आसती. आयकायला येळ पायजे."

कळंबच्या पलीकडे, घोड नदीकाठच्या आमच्या गावात ते नळयोजनेची मोटार चालवायचे. तेही रोजंदारीवर, चौदा-पंधरा वर्षं. मोटार नदीच्या विहिरीवर आणि टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकाडावर. टाकी भरलेली दिसली की सायकल हाणत यायचं आणि मोटार बंद करायची. तोवर टाकी वाहतच असायची. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची आणि शेवटच्या ठाकरवाडीचे नळ कोरडे पडायचे. "वीज बी वाया, पाणी बी वाया," गेनभाऊ म्हणायचे, "आन् तिकडं बाया हंडं घिऊन बसल्यात. मला लई लाज वाटती राव."

गावात मोबाइल आले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. सातवी शिकलेला हा माणूस मंचरला जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरणाऱ्याच्या दुकानात सवड मिळेल तेव्हा जाऊन बसू लागला. जुने दोन फोन, थोड्या वायरी, टाकीत तरंगणारा एक गोळा यांवर त्यांनी पावसाळाभर खटपट केली. शेवटी जमलं. मोटारीवरच्या फोनला रिंग दिली की मोटार चालू व्हायची. टाकी भरली की टाकीवरचा फोन आपणहून रिंग देऊन ती बंद करायचा. फेज गेली किंवा विहिरीचं पाणी खाली गेलं तर गेनभाऊंचा मोबाइल वाजायचा. "आता टाकीच फोन करती," ते सांगत सुटले.

त्या उन्हाळ्यात ठाकरवाडीला रोज पाणी मिळालं. वीजबिल उतरलं. तालुक्याहून साहेब पाहायला आले, फोटो निघाला. फोटोत सरपंच मध्यभागी आहेत. गेनभाऊ स्टार्टरच्या पेटीचं दार धरून उभे आहेत, त्या दाराआड अर्धे झाकलेले.

पुढच्याच मासिक सभेत सरपंचांनी विषय काढला. योजना आपोआप चालते, मग चालक कशाला? सगळ्यांनी हात वर केले. मी ठराव लिहिला. गेनभाऊ दाराशी उभे होते. त्यांनी किल्ल्या आणि तो मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"मोटार बंद व्हायची सोय केली म्या," ते म्हणाले, "तुमी मलाच बंद केलं व्हय?"

ते चाकणला एका कारखान्यात रखवालदार झाले. पुढच्या चैत्रात माझ्याकडचा तो मोबाइल वाजला, मोटार बंद पडली आणि गावात दोन दिवस पाणी नाही. मंचरचा कारागीर येईना. सुट्टीला घरी आलेल्या गेनभाऊंकडे मी गेलो. ते जेवत होते. ताट सारून उठले आणि माझ्याबरोबर आले. जळालेला भाग बदलला. मोटार फिरू लागल्यावर मी म्हणालो, "गेनभाऊ, मी सभेत तुमचा विषय काढतो."

"आता नका काढू. काढायचा व्हता तवा तुमी खाली मान घालून लिवत व्हता."

मग त्यांनी मला पेटीसमोर बसवलं आणि कोणती वायर कुठली, काय जळतं, काय बदलायचं, सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. "झालं," म्हणाले, "आता मला बोलवाया लागणार न्हाई." चहा न घेता गेले.

तीन वर्षांनी चाकणला, कामावरच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. दुखवट्याचा ठराव मीच लिहिला: 'ग्रामपंचायतीचे माजी कर्मचारी.' सही करताना सरपंच थबकले.

"कर्मचारी कसा? रोजंदारीवर व्हता तो. उद्या घरचे हक्क सांगत येतील. खोडा ते."

मी खोडलं.