तारखेविना दगड

परवा आमच्या ख्रिस्ती दफनभूमीत आजोबांच्या कबरीला चुना मारताना त्या ओल्या वासानं मला जुनी दुपार आठवली. दगडावर ‘देवापुढे नीतिमान ठरले’ एवढं कोरून झालं होतं, फक्त ते कधी ठरले, ती तारीख राहिली होती.

पप्पा पाथरवटाला म्हणाले, "बाबांनी देवावर विश्वास ठेवला, तो दिवस टाक."

"काहून? देवानं तर जग घडवायच्या आधीच बाबांले नीतिमान ठरवलं!" काका उसळले.

जरीपटक्याहून आलेला तो पाथरवट छिन्नी धरून उन्हात ताटकळला, शेवटी निघून गेला. दोघं भाऊ पुन्हा कधी एकमेकांशी बोलले नाहीत.

आता ते त्याच दगडाच्या दोन बाजूंना पुरलेत. तारखेची जागा कोरीच आहे. मी ब्रश बादलीत आपटला. "विचारा नं आता देवालेच! त्याच्याकडंच तर गेले नं दोघं!"