दहावा आळशी माणूस

आमच्या लॅबमध्ये आकडे जमायला वर्षं लागतात. किस्से मात्र नुसता झाडू मारला तरी निघतात.

विषय साधा आहे. सायकल मारली की स्नायूंच्या पेशी आतल्या आत निरोप धाडतात: इंधन संपत आलंय, साखर आत घ्या. सवय नसलेल्याच्या पेशी नुसता कल्ला करतात, सवय असलेल्याच्या शांत राहतात. हा फरक मोजायला मांडीतून सुईने जरासा तुकडा काढावा लागतो, आणि तिथेच लखनौ माघार घेतं.

महानगर नावाच्या मोहल्ल्यातल्या एका साहेबांनी विचारलं, “कितना टुकड़ा?”

“राई के दाने जितना.”

बराच विचार करून म्हणाले, “वापस कब मिलेगा?”

•

तपासणीआधी दोन दिवस अंगमेहनत बंद. एका तिवारीजींनी तसं लेटरहेडवर लिहून मागितलं. दिलं. महिन्याने पुन्हा हजर. “मैडम, चिट्ठी पर तारीख बदल दीजिए. मेहमान आ रहे हैं, घर के सारे गद्दे उठाने पड़ेंगे.”

•

चिनहटच्या एका गृहस्थांनी फॉर्मवर ‘रोज व्यायाम’ लिहिलं होतं. काय करता, विचारलं.

“रोज़ सुबह पार्क जाते हैं.”

“और वहाँ?”

“बेंच पर बैठते हैं. लेकिन एक दिन भी छुट्टी नहीं.”

•

आमची शालिनी पीएचडी करत होती. तिला व्यायाम न करणारी दहा माणसं हवी होती, नऊ मिळाली. नोकरी ठरलेली, पण पदवीशिवाय रुजू होता येईना. रडकुंडीला आली बिचारी. तेव्हा आमचे बॉस, मूळ पुण्याचे पेंडसे सर, तिला म्हणाले, “मुझे ले लो. घुटनों की वजह से मैं सब्ज़ी तक नहीं लाता.”

तासभर सायकल मारली. सरांच्या पेशी ढिम्म. पुन्हा तपासलं, पुन्हा ढिम्म. ही तर रोज मैलोनमैल चालणाऱ्याची मांडी.

सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावून दार लावलं. प्रकरण इंदिरा नगरच्या मार्केटातल्या कचोरीचं निघालं. डॉक्टरांनी ती बंद केलेली. “गाडी काढली तर ड्रायव्हर आमच्या हिला सांगतो,” सर मला म्हणाले. “म्हणून चालत जातो. जाऊन येऊन सहा किलोमीटर.” मग शालिनीला, “बेटा, बात इस कमरे से बाहर न जाए.”

सरांना यादीतून काढलं आणि त्यांच्या जागी ड्रायव्हरला बसवलं. त्याच्या पेशींनी रीतसर बोंब ठोकली.

•

शालिनीची व्हायवा. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, तिच्यासाठी लाडू घेऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या. परीक्षक कडक. “एक आदमी का डेटा क्यों हटाया? नतीजा पसंद नहीं आया?”

यावर गप्प बसणं म्हणजे आकडे दडपल्याची कबुलीच. पदवी गेली, नोकरी गेली. शालिनी सरांकडे बघत होती, सर पंख्याकडे.

“सर, वो रोज़ छह किलोमीटर पैदल चलते थे,” ती शेवटी म्हणाली. “छुपके. कचौड़ी खाने.”

हॉल हसला. परीक्षकही हसले. “ये महाशय हैं कौन?”

“नाम गोपनीय है, सर.”

काकूंनी लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि मला हळूच म्हणाल्या, “नाव कशाला हवंय? शर्टावरचे तेलाचे डाग मीच धुते.”