आबा कान काढून ठेवतात

जबलपुरात अशी एकही वस्तू उरलेली नाही, जी तुमच्या आबांनी निदान एकदा वाजवून पाहिलेली नाही. रेवा, ईशान, तुम्ही त्यांना फक्त स्क्रीनवर पाहता, म्हणून तुम्हाला हे अतिशयोक्तीचं वाटेल. पण माझं जेवणाचं टेबल साक्षीला आहे. आबा आले की आधी टेबलावर बोटं येतात, मग आबा बसतात, आणि मग त्यांना आठवतं की घरात मीही आहे. "काय म्हणता, समधनजी?" हा प्रश्न ते मला, म्हणजे त्यांच्या विहिणीला, विचारतात की टेबलाला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांनी आमचा गॅस सिलिंडर वाजवला आहे, बँकेतली काच वाजवली आहे, आणि दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून खुर्चीचा हात वाजवला आहे. एकदा पाहुण्यांना घेऊन आम्ही भेडाघाटला गेलो होतो. तिथे संगमरवरी हत्तींची रांग मांडलेल्या दुकानात आबा प्रत्येक हत्तीला नखाने टिचकी मारत, कान लावत पुढे सरकू लागले. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाबूजी, हाथी देखने की चीज़ है, बजाने की नहीं." आबा म्हणाले, "भैया, देखा तो सबने है. बजाया किसने?" आणि सगळ्यांत छान आवाजाचा हत्ती निवडून घेऊन आले. त्याची सोंड जरा वाकडी आहे. तो अजून त्यांच्या टीव्हीवर उभा आहे.

तुमच्या बाबांचे हे वडील माझे व्याही होण्याआधीपासून गावाला माहीत होते, कारण ज्या काळात आपल्या मराठी घरांतली मुलं रेल्वेत, फॅक्टरीत नाहीतर सरकारी कचेरीत चिकटत, त्या काळात या गृहस्थांनी ड्रम वाजवण्यावर आयुष्य काढायचं ठरवलं. त्यांच्या वडिलांनी खटपट करून त्यांना रिछाईच्या एका कारखान्यात लावलं होतं. आबा सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी डबा न खाताच परत आले. कारण काय, तर शेजारीशेजारी दोन मशिनी होत्या आणि त्यांचे ठोके एकमेकींशी जुळत नव्हते. "एक म्हणून राहिली चल, दुसरी म्हणून राहिली थांब," आबा आजही तितक्याच कळवळ्याने सांगतात. "तिथे बसलो असतो ना समधनजी, तर पेन्शन मिळाली असती, पण पागलखान्यात."

त्यांचे गुरू तीन, आणि त्यांतल्या एकालाच ठाऊक होतं की आपण गुरू आहोत. पहिला गुरू म्हणजे छावणीतलं परेडचं मैदान. आबांचं लहानपणीचं घर त्याच्या भिंतीला लागून होतं, आणि पलटणीचा ड्रम वाजू लागला की हे भिंतीच्या अलीकडे पाटावर लाटण्याने वाजवत. दुसरा गुरू दुर्गापूजेतला ढाकी. बंगाली मंडपात ढाक वाजवणाऱ्या त्या माणसाच्या मागे आबा एका वर्षी मंडपामंडपातून हिंडत राहिले आणि विसर्जन आटोपल्यावर चपला हरवून घरी आले. तिसरा, खरा, रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारच्या नाचाला ड्रम वाजवणारा एक म्हातारा अँग्लो-इंडियन गार्ड. आबांना तो खुर्चीमागे उभं करी आणि आबांनी हौसेने एखादी जास्तीची टिपरी मारली की ओरडे, "लिसन, मॅन, लिसन!" आबांना येणारं इंग्रजी एवढंच, पण ते त्यांच्या तोंडून गार्डसाहेबाच्याच आवाजात निघतं. आबा म्हणतात, "माझा उजवा पाय गार्डसाहेबाचा, मनगटं पलटणीची, खांदे ढाक्याचे. माझं स्वतःचं म्हणाल तर फक्त पोट." त्यावर आतून तुमच्या माईआजीचा, म्हणजे माझ्या विहीणबाईंचा आवाज येतो, "तेही माझ्या हातचं."

या उसन्या अवयवांवर आबांनी काय काय केलं! गणपतीत ऑर्केस्ट्रा, लग्नसराईत बँड, उन्हाळ्यात जो बोलावील तो. ऑर्केस्ट्रातले गायक शब्द विसरले की आबा असा दणदणीत रोल देत की लोकांना वाटे, गाणं असंच आहे. पण आबांना स्वतःला विचाराल, तर ते सर्कशीबद्दल सांगतील. गावात आलेल्या एका सर्कशीचा ड्रमवाला तापाने पडला आणि आबा बदली म्हणून गेले ते पुढच्या तीन गावांपर्यंत सर्कशीबरोबर गेले. झोपाळ्यावरची मुलगी एक हात सोडून दुसऱ्या झोपाळ्याकडे झेपावते, तेव्हा जो घरघर रोल वाजतो, तो आबांचा. "तिथे गाणं नाही, ठेका नाही. फक्त तिच्याकडे पाहायचं. हाताला हात लागला की झांज. एक क्षण आधी नाही, एक क्षण नंतर नाही. ती पोट्टी उशीर करील तर मी पण उशीर करणार. काहून? तर ड्रमवाला स्वतःचं वाजवतच नाही. तो समोरच्याची वाट पाहतो." आबांचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. हे लक्षात ठेवा, पुढे याचंच रामायण झालं.

तुमच्या आईने आम्हाला पहिल्यांदा सांगितलं की मुलाचे वडील ड्रम वाजवतात, तेव्हा तुमचे आजोबा सभ्यपणे म्हणाले, "अच्छा. आणि दिवसा?" पुढे त्या दोघांची अशी गट्टी जमली की माझ्या टेबलाला पॉलिश करण्याचा विचार मी सोडूनच दिला. आणि आजोबा गेले, तेव्हा आबा रोज सकाळी येऊन आमच्या बैठकीत बसत. मला आधी वाटलं, त्यांना थंडी वाजते आहे, कारण ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. मग कळलं. चुकून बोटं वाजतील आणि सुतकाच्या घरात बरं दिसणार नाही, म्हणून ते हातांवर बसत होते.

आता कानांकडे येते. जन्मभर एका बाजूला कर्णा आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर, मग कान किती टिकणार? पण ऐकण्याचं मशीन लावायला आबा तयार नव्हते. "मला पाहिजे ते ऐकू येते." माईआजी म्हणत, "हो, मला सोडून." मग रेवा, तुझ्या आईने ड्रमसेटवर बसलेला तुझा फोटो पाठवला. त्या संध्याकाळी आबा स्वतः दुकानात जाऊन मशीन लावून आले. तुला शिकवायचं तर ऐकू यायला हवं ना! त्या मशिनीला ते 'कान' म्हणतात. रात्री "माझे कान कुठे ठेवले?" असा पुकारा होतो आणि कान साखरेच्या डब्याशेजारी सापडतात.

रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्या शनिवारी संध्याकाळी, मी लॅपटॉप घेऊन गढ्याला त्यांच्या घरी जाते, कारण आबा माऊसलाही दोन वेळा टिचकी मारण्याऐवजी अख्खा तुकडा वाजवतात. गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं आहे. भाजीवाला विचारतो, "दीदी, आज विदेश वाला प्रोग्राम है?" तू एकटी वाजवून दाखवायचीस तेव्हा सगळं छान चालायचं. आबा मान डोलवत, "लिसन, मॅन" म्हणत, आणि तू हसायचीस. तुझं मराठी बोलणं "हो" आणि "नाही"पुढे फारसं जात नाही (हे पत्रही आईच वाचून दाखवील), आबांचं इंग्रजी गार्डसाहेबापुढे जात नाही. तुमच्या दोघांचं जे काही बोलणं होतं ते ड्रमवरच.

पंचाईत झाली ती दोघांनी एकत्र वाजवायला घेतलं तेव्हा. आबांनी ठेका धरला. तू धरलास. आबांना तू किंचित मागे ऐकू आलीस. ते तुझ्यासाठी थांबले. तुला वाटलं, आबा हळू झाले, म्हणून तूही हळू झालीस. त्यांना तू पुन्हा मागे ऐकू आलीस, ते पुन्हा थांबले. वरात निघावी तशी सुरुवात झालेलं ते वादन बघता बघता असं मंदावलं की शेवटी दोघं काड्या हवेत धरून एकमेकांकडे पाहत बसला होतात. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

मग माझं टेबल वाजायचं थांबलं. आबा आले, बसले, चहा प्यायले, आणि बोटं कपाभोवती तशीच. मला ती शांतता सोसेना. शेवटी तेच म्हणाले, "समधनजी, पोरीत लय नाही. हात चांगला आहे, मन आहे, पण मागे पडून राहिली. बाकी कुठे खोटं बोलीन, यात नाही बोलता येत. रविवारी सांगून टाकतो, बेटा, गिटार शीक." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होता की जणू त्यांनाच कोणी गिटार शिकायला सांगितलं आहे. आणि रेवा, त्याच संध्याकाळी मला तुझा मेसेज आला. आबा थकतात का, मध्येच स्लो होतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मीच म्हणू का की मला आता क्लास नको? मी दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि दोघांनाही एवढंच म्हटलं की गणपती होऊन जाऊ द्या. दुसरं काय सुचणार? लय हा माझा विषय नाही.

गणपतीच्या दिवशी नेहमीप्रमाणे लॅपटॉप देवासमोर ठेवला, तिकडे तुम्ही चौघं उभे, इकडे आम्ही तिघं. आरती सुरू झाली आणि नेहमीप्रमाणेच तिचा विचका झाला. आमचं एक कडवं संपे तेव्हा तुमच्या टाळ्या अजून मागच्या ओळीवर असत. माईआजी तबक खाली ठेवत म्हणाल्या, "या डब्यातून आरती कधी जुळली आहे का? आपला प्रसाद वाटून होतो तेव्हा यांच्या टाळ्या येऊन पोचतात."

आबा कापराची डबी तशीच हातात धरून उभे राहिले. मग एकदम म्हणाले, "ईशान, बेटा, ताईजवळ उभा राहा. रेवा, मी टाळी वाजवली की तू वाजव." त्यांनी डबी काखेत धरून संथ ठेक्यात टाळ्या सुरू केल्या. इथे तुझी टाळी प्रत्येक वेळी मागाहून येत होती. "ईशान, तिकडे कशी येऊन राहिली? आगे-पीछे?"

ईशान, तू तोंडातला मोदक न गिळता म्हणालास, "नो, आबा. एकदम साथ में!"

आबांनी काखेतली डबी हातात घेतली. "म्हणजे पोरगी बरोबर आहे," ते म्हणाले. "पोरगी पहिल्यापासून बरोबर आहे. मीच तिच्यासाठी थांबून राहिलो." आणि हातातल्या कापराच्या डबीवर त्यांनी असा काही तुकडा वाजवला की माईआजी ओरडल्या, "अहो, देवासमोर!"

कारण कळलं, आवाजच इकडे उशिरा पोचतो; पण उपाय सोपा नव्हता. आबांनी तुझ्यासाठी थांबायचं नाही, एवढंच करायचं होतं, आणि नेमकं तेच त्यांना जन्मात कधी करता आलेलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी प्रयत्न केला. तुझा ठोका मागून ऐकू आला की त्यांचा पाय आपोआप अडे. "गार्डसाहेबाचा पाय आहे," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "माझं ऐकत नाही." नंतर त्यांनी दोन्ही कान काढले, स्टीलच्या डबीत घातले, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. डोळे मिटले. "चलो," म्हणाले, आणि सुरू झाले.

त्या दिवशी तुम्ही दोघांनी सबंध तुकडा वाजवला, कुठेही न अडखळता. तिकडे ईशान उड्या मारत होता. तुझं हसू मी पाहिलं. क्लास बंद करायची गोष्ट मग ना तू काढलीस, ना त्यांनी.

पण इकडे काय ऐकू येतं, ते तुला ठाऊक नसेल, म्हणून हे लिहिते आहे. इथे, गढ्याच्या त्या खोलीत, दोन ड्रम एकमेकांच्या पायांत येत धडपडत असतात. माईआजी स्वयंपाकघराचं दार लावून घेतात. आणि त्या गोंधळाच्या मधोमध आबा डोळे मिटून, काहीही न ऐकता, रेषेवर चालल्यासारखे सरळ वाजवत असतात. तुकडा संपला की ते डोळे उघडून आधी तुझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. मी म्हणते, "जुळलं." त्यांना ऐकू येत नाही, पण कळतं.

तुमचं दोघांचं वादन जुळलेलं ऐकलं आहे ते फक्त तुम्ही, तिकडच्यांनी. आबांनी ते अजून एकदाही ऐकलेलं नाही.

माझं टेबल पुन्हा वाजू लागलं आहे. फक्त हल्ली ते थोडं वेगळं वाजतं. आबा चार टिचक्या मारतात आणि थांबतात, चार मारतात आणि थांबतात. मधली जागा मोकळी सोडतात, बोटं अधांतरी ठेवून, कान लावून. काल मी विचारलं, "भाऊ, अर्धंच काहून वाजवता?"

"अर्धं नाही," ते म्हणाले. "बाकीचं तिचं आहे. इथे आली की वाजवील."