मामांचं ‘सिरीयस’

मारेगावच्या आसपास माणसं जायची तशी जात आली, पण माझ्या मोठ्या मामांच्या फोनवर त्यातलं एकही कधी मेलं नाही. सगळी फक्त ‘सिरीयस’ झाली. गावात कुणी गेलं की बाहेरगावच्या लेकीबाळींना, नागपुरात कामाला असलेल्या पोरांना कळवायचं काम मामांचं. ते आधी तांब्याभर पाणी प्यायचे, घसा साफ करायचे आणि पलीकडच्याला विचारायचे, “जेवला का?” नसेल जेवला, तर मयत अंगणात ठेवलेली असली तरी फोन ठेवून द्यायचे आणि त्याचं जेवण होईपर्यंत थांबायचे. मग कापसाचा भाव, पोराबाळांची चौकशी, आणि शेवटी हळूच, “तुया बाप जरा सिरीयस हाये. येऊन जाय. घाई नको करू, गाडी हळू आन.” हळू आण म्हटलं की ऐकणारा काय ते समजायचा. खरोखर दवाखान्यात असलेल्या माणसासाठी त्यांचा शब्द वेगळा होता. त्याची तब्येत ‘नरम’ असायची. “एकदम सांगतलं तं मानूस रस्त्यातच बसते,” मामा म्हणायचे. “घरी पोचेस्तोवर त्याच्या पायात जीव पाह्यजे.”

या लौकिकाचा व्हायचा तो त्रासही झाला. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्यांनी केळापूरच्या नातेवाइकांकडे फोन लावला, तर तिथल्या सुनेनं “जेवली का?” एवढंच ऐकून हंबरडा फोडला. शेजारपाजारच्या बायका जमल्या. तिला गप्प करून हळदीचा दिवस सांगेपर्यंत मामांना घाम फुटला. तेव्हापासून चांगल्या बातमीच्या फोनची सुरुवात ते “शुभ हाये, शुभ हाये” अशी करायचे. मामी त्यांना यमाचा पोस्टमन म्हणायची आणि मामा त्यावर चक्क खूश व्हायचे.

मागच्या हिवाळ्यात मामीच्या छातीत कळ आली. आम्ही तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. बऱ्याच वेळानं एक तरुण डॉक्टर बाहेर आले. भला माणूस होता. मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काका, पेशंट सिरीयस आहे. मुलीला बोलावून घ्या. तुम्ही काही खाल्लं का?”

मी औषधं घेऊन परतलो तेव्हा मामा बाकावर बसून नातेवाइकांना फोन करत होते. डोळे कोरडे होते. डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ साधा होता, जीव धोक्यात आहे, पण आहे. मामांनी मात्र तो शब्द उभ्या जन्मात गेलेल्या माणसासाठीच वापरला होता. मी औषधं द्यायला आत गेलो, तर मामी शुद्धीवर होती. “तुये मामा कुठी हायेत?” तिनं विचारलं. मी धावत बाहेर आलो.

“मामा, चला. मामी तुम्हाला बोलावतेय.”

मामांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. “हाव बाप्पा. चांगलं सांगून राह्यला तू. म्या बी असंच सांगतो.”

“खरंच बोलतेय ती. तुमची शपथ.”

“चाय पेऊन घे तू. पोरगी येऊ दे, मंग तुया मामीचं तोंड आम्ही संगच पाहू. एकट्यानं नाई होत मह्याच्यानं.”

मी हात धरून ओढलं, डॉक्टरांना आणायला धावलो. ते दुसऱ्या पेशंटपाशी अडकले होते. शेवटी नर्सच दारात आली. तिला कुणाला जेवण विचारायला सवड नव्हती. “गेल्या,” ती म्हणाली. “आत्ताच.”

“आत्ता?” मामा म्हणाले आणि उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी काही इतकं सरळ सांगितलं नसेल. मला त्यांचा राग आला नाही. लोकांचा धक्का त्यांनी आयुष्यभर हलका केला, आणि ती माया अशी त्यांच्याच मुळावर यावी, याचं वाईट मात्र अजून वाटतं.

लेक हैदराबादहून निघाली होती. रस्त्यातून तिचा फोन आला. मी हात पुढे केला, पण मामांनी फोन मला दिला नाही.

“बाई, तुयी माय गेली,” ते म्हणाले. “आत्ता गेली. भाचा सांगत होता तवा जित्ती होती. मले बलावत होती, अन् म्या बाहीर बसून होतो.”

मामांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता आणि पलीकडून गाडी चालल्याचा आवाज येत होता.