रविवारी पेटणारी लाल बत्ती

फिटरमामा गाडीला हात लावायच्या आधी मालकाची उलटतपासणी घ्यायचा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून प्रश्नांची सरबत्ती. गाडी उन्हात उभी असते की सावलीत? काल कोण बसलं होतं? घरून भांडून निघालात काय? एकदा एक तरुण गिऱ्हाईक हिब्रूत ओरडलं, "मी गाडी दाखवायला आणलीये, मुलगी नाही!" मामा शांतपणे मराठीत म्हणाला, "गाडीला तोंड नाय, म्हणून तुला विचारतो."

मुंबईच्या बसडेपोत तो फिटर होता. इस्रायलमध्ये, आमच्या येरुहाम गावी आल्यावर त्याचं सर्टिफिकेट इथं चालत नाही म्हणाले आणि कारखान्यात मशीन पुसायला लावलं. वीस वर्षं! इंजिन उघडून बांधणाऱ्या हातात या देशानं फडकं दिलं, हे मी आजही रागानंच लिहिते. त्याला मात्र राग धरायला वेळ नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यानं घरामागच्या शेडमध्ये गॅरेज काढलं. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड गाड्या आल्या तेव्हा मला, अन्याय दिसला की पत्रक काढणाऱ्या शेजारणीला, बोलावलं. मी हिब्रू पुस्तक वाचून मराठीत सांगायची, तो वहीत लिहून घ्यायचा. पहिल्याच पानावर होतं: मोठ्या बॅटरीची नारिंगी वायर म्हणजे मरण, हात लावणे नाही.

शोशानामावशी आमच्या दवाखान्याची नर्स. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे घरोघरी जायची, तीही स्वतःच्या जुन्या हायब्रिडमधून. दोन हजार नऊ साली त्या गाडीत ब्रेकची लाल बत्ती लागायला लागली. शहरातल्या मोठ्या गॅरेजनं कॉम्प्युटर जोडला आणि निकाल दिला, "मोठी बॅटरी गेली, बदलायला लागेल." तेवढा खर्च मावशीच्या आवाक्याबाहेर. सोमवारपर्यंत गाडी धड नसली तर तिची फेरी दुसरीला देऊ, असं दवाखान्यानं बजावलं. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. मथळा: "दिवसाढवळ्या दरोडा!"

मामाला ते मराठीत वाचून दाखवलं. "झकास लिवलंयस. ब्रेकचं तेल बघितलंस?"

"मी कशाला बघू?"

"मग दरोडा कसा कळला गो?"

मामानं आधी तेल पाहिलं, चारही चाकं काढून पॅड पाहिले. "ब्रेकची बत्ती लागली की पयला ब्रेकच बघायचा. हुशारी मागनं." ब्रेक ठणठणीत होते. मग मावशीला खुर्चीत बसवलं.

"बत्ती कवा लागते?"

"सकाळी."

"रोज?"

मावशीनं बोटांवर दिवस मोजले. "नाय रे मामा. रविवारीच."

"शुक्रवारी गाडी लावून किल्ली कुठं ठेवतेस?"

"गाडीतच, खणात. शब्बाथला तिला हात लावायचा नाय ना. घरात डोळ्यांसमोर असली की चुकून उचलली जाते. अंगणात कोण चोरतोय?"

शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ, आमचा विसाव्याचा दिवस; तेव्हा गाडी चालवायची नसते. मामा हसायला लागला. ही किल्ली साधी नव्हती. ती जवळ आहे का, हे गाडी सतत हुंगत असते. "तू शब्बाथ पाळतेस, गाडीला पाळू देत नायस. मालकीण आली काय, आली काय, करत ती बिचारी दीड दिवस जागी!" त्या जागरणात डिकीतली छोटी बॅटरी, जी कुठल्याही गाडीत असते तीच, उतरायची. या गाडीचे ब्रेक विजेवर चालतात. ताकद कमी पडली की बत्ती पेटते. मोठी बॅटरी धडधाकट होती.

त्यानं छोटी बॅटरी नवी घातली आणि शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी किल्ली मावशीच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे ठेवायला लावली. रविवारी सकाळी आम्ही तिघं गाडीभोवती उभे. मावशीनं बटण दाबलं. बत्त्या लागल्या, विझल्या. लाल पुन्हा लागली नाही. ती स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडली, मग नाक पुसून थेट फेरीला गेली.

मी पत्रक छापायला निघाले तर मामा आडवा आला. "किल्लीचं पण छाप."

"आपलीच चूक? ते हसतील आपल्याला!"

"हसू दे. त्यांनी न बघता बोललं, तू न बघता लिवलंस. आता बघून लिव."

मी चरफडत पुन्हा लिहिलं. दरोडा हा शब्द गेला. छोटी बॅटरी न मोजता मोठी बदलायला सांगितली, हे राहिलं. किल्लीची चूकही, मावशीच्या परवानगीनं, तिच्या नावासकट. त्या गॅरेजच्या मॅनेजरला माझ्या आधीच्या कुठल्याही पत्रकानं घाम फुटला नव्हता. हे पत्रक खोडायला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. छोटी बॅटरी आधी मोजायची, अशी पाटी त्यानं स्वतः लावली.

दोन वर्षांनी मामा गेला. शिवा, म्हणजे दफनानंतरचं सात दिवसांचं सुतक, त्याच्या पहिल्या संध्याकाळी घरात चारच पुरुष. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश, मेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणता येत नाही, आणि त्याच्या पिढीचे उरलेले बहुतेक मावशीचेच पेशंट, घराबाहेर न पडणारे. मामाचा मुलगा प्रार्थनेचं पुस्तक मिटून उभा राहिला. मावशी किल्ली उचलून बाहेर गेली. त्याच गाडीनं दोन फेऱ्या केल्या. काठ्या, वॉकर, एक ऑक्सिजनची नळी, असे सहा म्हातारे तिनं दारात उतरवले. मी मोजले. दहा.