साडूंचे तीन लिटर

आमच्या साडूंइतका आज्ञाधारक पेशंट मराठवाड्यात दुसरा झाला नसेल. अहमदपूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. अक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, स्वतःची एक किडनी त्यांना दिली आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी सोबत पथ्याचा एक छापील कागद दिला. किडनीबद्दल साडू फारसं बोलत नसत. कागद मात्र त्यांना तोंडपाठ होता. नवी किडनी शरीराला परकी वाटते, म्हणून गोळ्या देऊन शरीराचा विरोध ढिला ठेवावा लागतो, आणि मग साधी सर्दीही महागात पडते. हे त्यांनी मला समजावलं ते असं : "सर, घरात पाहुणी आलीय. तिच्यावर भुंकू नये म्हणून कुत्रं बांधून ठेवलंय. आता चोर आला तर आपणच जागं राहायचं."

ते जागे राहत. दुकानात तोंडाला मास्क लावून बसत, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकांना वाटे की मालाला वास येत असावा. कापलेलं फळ, बाहेरचा प्रसाद, गर्दी, सगळं बंद. घरी जंगमस्वामी आले की त्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायचं ही त्यांच्या घराण्याची रीत. साडूंनी ती मोडली नाही. तीर्थ वीस मिनिटं उकळून, गार करून घेतलं. स्वामी जरा विचारात पडले. "भक्ती तेवढीच हाय, स्वामीजी," साडू म्हणाले, "जंतू तेवढे कमी."

कागदावर आणखी एक कलम होतं : रोज तीन लिटर उकळलेलं पाणी पिणे. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात अहमदपुरात टँकर आठ-दहा दिवसांनी येई. घरचे सगळे टँकरचं पाणी तसंच गाळून पीत. साडूंचे तीन लिटर तेवढे अक्का उकळून वेगळ्या कळशीत ठेवी.

पण साडूंची आजारी माणूस म्हणून ख्याती झाली होती, आणि आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जातात. आलेल्याला आधी पाणी द्यायचं असतं. "आपण उकळलेलं प्यायचं आन् पाहुण्याला टँकरचं द्यायचं?" साडू मला म्हणाले. "मग दाराला कुलूपच लावलेलं बरं." तेव्हा अक्काची नजर चुकवून पाहुण्याला कळशीतलं पाणी जाई. पाहुणा ते पिऊन तोंड पुसे आणि उठताना बजावे, "पाणी भरपूर पीत जा, मालक."

त्याच दिवसांत तालुक्यातून नव्या जिल्ह्याची मागणी जोरात होती. जिल्हा झाला की मोठा दवाखाना आपल्या जवळ येणार, आणि त्याची गरज कोणाला, तर आमच्या साडूंना. म्हणून एक दिवस भर दुपारी अकरा जणांचं शिष्टमंडळ त्यांना भेटायला आलं. शाल घातली. पुढाऱ्यांनी रुग्णांच्या हालअपेष्टांवर वीस मिनिटं भाषण केलं. उकाडा फार होता. सगळ्यांनी दोनदा पाणी मागितलं. समोर रुग्ण मास्क लावून बसला होता, त्यामुळे त्याचे सुकलेले ओठ कोणाला दिसले नाहीत.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट बिघडला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? "तीन लिटर लागतं रोज," साडूंनी सांगितलं. त्यांना खोटं बोलायचा सराव नव्हता.

"लागतं," अक्का म्हणाली. "पितं कोण ते विचारा, डॉक्टरसाहेब. कळशी मी भरते आन् रिकामी बी मीच बघते."

साडूंनी मास्क नाकावर ओढून घेतला.

"किडनी मी तुम्हाला दिली," अक्का म्हणाली, "गावाला न्हाई."

त्या दिवसापासून कळशी स्वयंपाकघरात गेली आणि पाहुण्यांना अक्का स्वतः टँकरचं पाणी देऊ लागली, दोन पाण्यांतला फरक सांगून. अक्काला शहाणपण फार आलं, असं गावात बोललं गेलं. तिने ते ऐकून घेतलं. रिपोर्ट सुधारला, पण पहिल्यासारखा झाला नाही.

काही वर्षांनी ती किडनी थांबली. त्या उन्हाळ्यामुळेच थांबली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. साडूंनी विचारलं नाही. अक्काने विषय काढला नाही.

आता आठवड्यातून तीनदा ते डायलिसिससाठी लातूरला जातात, कारण नवा जिल्हा अजून झालेला नाही. प्यालेलं पाणी आता अंगातच साठतं, म्हणून डॉक्टरांनी नवा कागद दिला आहे : दिवसाला पाणी एक लिटरच्या आत, चहा धरून. पावसाळे बरे झाले आहेत, नळाला पाणी येतं, आणि त्यांना घोट मोजावे लागतात.

गेल्या महिन्यात मी नांदेडहून भेटायला गेलो. साडूंनी उठून स्वतः पाण्याचा तांब्या आणला आणि समोर बसले. तहान होती, तरी मी दोन घोट घेऊन तांब्या खाली ठेवला. त्यांच्यासमोर पिणं बरं वाटेना. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"सगळं प्या की, सर," साडू म्हणाले. "मला प्यायला बंदी हाय, बघायला न्हाई."

मी तांब्या उचलला. शेवटच्या घोटापर्यंत प्यालो, आणि साडू बघत राहिले.